वाशिम जिल्ह्यातील पर्यटन आणि त्याची आर्थिक भूमिका

वाशिम जिल्ह्यातील पर्यटन हे प्रामुख्याने तीर्थयात्रांवर आधारलेले, देशांतर्गत आणि अल्प मुक्कामाचे पर्यटन आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी, दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान कारंजा (लाड), जैनांचे तीर्थ शिरपूर आणि प्राचीन वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम शहर ही त्याची मुख्य केंद्रे होत. विदेशी पर्यटक, तारांकित हॉटेले आणि समुद्रकिनारे यांच्या आधारे पर्यटनाचे जे चित्र पाठ्यपुस्तकांत रंगविले जाते, त्यात हा जिल्हा बसत नाही. मात्र भारतातील बहुसंख्य प्रवास वाशिममध्ये होतो तशाच स्वरूपाचा असतो. त्यामुळे पर्यटनाचे कोणते प्रकार राष्ट्रीय अर्थव्यवस्थेला कशा रीतीने हातभार लावतात आणि त्या हातभाराच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यास हा जिल्हा उपयुक्त उदाहरण ठरतो.

संकल्पना व वर्गीकरण

संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या पर्यटन-सांख्यिकीविषयक शिफारशींनुसार, आपल्या नित्याच्या परिसराबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळासाठी केलेला प्रवास हा पर्यटनात मोडतो. मात्र भेट दिलेल्या ठिकाणी नोकरी अथवा मजुरी करणे हा त्या प्रवासाचा मुख्य हेतू असता कामा नये. या व्याख्येत करमणुकीबरोबरच तीर्थयात्रा, नातलगांच्या भेटी, औषधोपचार, अल्पकालीन शिक्षण आणि व्यापारी कामे यांसाठी केलेला प्रवासही येतो. याउलट, हंगामी मजुरीसाठी परजिल्ह्यात जाणारा कामगार या व्याख्येनुसार पर्यटक ठरत नाही.

पर्यटनाचे तीन मूलभूत प्रकार मानले जातात. देशातील रहिवाशांनी देशातच केलेला प्रवास म्हणजे देशांतर्गत पर्यटन, परदेशी रहिवाशांनी देशात येऊन केलेला प्रवास म्हणजे अंतर्गामी पर्यटन आणि देशातील रहिवाशांनी परदेशात केलेला प्रवास म्हणजे बहिर्गामी पर्यटन होय. अंतर्गामी पर्यटनातून देशाला परकीय चलन मिळते, म्हणून अर्थशास्त्रात ते निर्यातीसारखे मानतात. बहिर्गामी पर्यटनावरील खर्च आयातीसारखा असतो. देशांतर्गत पर्यटनातून परकीय चलन मिळत नाही; मात्र एका प्रदेशातील उत्पन्न दुसऱ्या प्रदेशात पोहोचते. जिल्ह्याच्या पातळीवर हाच विचार लागू केल्यास पुण्याहून कारंज्यास आलेला दत्तभक्त हा वाशिम जिल्ह्याच्या दृष्टीने ‘अंतर्गामी’ आणि उपचारांसाठी नागपूरला गेलेला वाशिमकर हा ‘बहिर्गामी’ ठरतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. किमान एक रात्र मुक्काम करणाऱ्या अभ्यागताला सांख्यिकीत पर्यटक म्हणतात आणि त्याच दिवशी परतणाऱ्याला दिवसप्रवासी म्हणतात. देवदर्शनास दोघेही येतात. परंतु निवास, दोन वेळचे भोजन आणि सायंकाळची खरेदी यांवरील खर्च मुक्कामी पर्यटकच करतो.

राष्ट्रीय अर्थव्यवस्थेतील स्थान

भारतात पर्यटनाचा आर्थिक वाटा ‘पर्यटन उपग्रह लेखा’ या पद्धतीने मोजला जातो. पर्यटन हा शेती किंवा पोलाद यांसारखा एकसंध उद्योग नाही. वाहतूक, निवास, खानपान, किरकोळ व्यापार अशा अनेक उद्योगांचा एकेक अंश पर्यटकांच्या वाट्याला जातो. हे अंश वेगळे काढून एकत्र मांडणे हे या लेख्याचे काम होय. भारतासाठी असा पहिला लेखा २००२-०३ या वर्षाचा तयार झाला. या पद्धतीनुसार कोविडपूर्व काळात देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनात पर्यटनाचा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. २०२०-२१ मध्ये तो सुमारे दीड टक्क्यापर्यंत घसरला आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा ५ टक्क्यांच्या जवळ आला.

२०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी राज्यांनी नोंदविलेल्या देशांतर्गत पर्यटक-भेटींची संख्या सुमारे २३२ कोटी होती. २०२३ मध्ये हे आकडे अनुक्रमे सुमारे ९५ लाख आणि २५१ कोटी असे होते. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, कारण दुसरा आकडा व्यक्तींचा नसून भेटींचा आहे. एकाच व्यक्तीने चार ठिकाणी दिलेल्या भेटी चार वेळा मोजल्या जाऊ शकतात. तरीही त्यांतून पर्यटनाच्या दोन प्रकारांमधील अंतर स्पष्ट दिसते. एका विदेशी पर्यटकाचा खर्च मोठा असतो, पण तो मोजक्या महानगरांत आणि प्रसिद्ध स्थळांवर एकवटतो. देशी यात्रेकरूचा खर्च लहान असतो, पण तो देशाच्या कानाकोपऱ्यांत विखुरला जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वितरणाचा विचार करताना या दुसऱ्या वैशिष्ट्यास वेगळे मोल आहे.

जिल्ह्याची आर्थिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात बाशीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन सध्याचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात आणि सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही मुख्य पिके आहेत. शेती मोठ्या प्रमाणावर पावसावर अवलंबून असून मोठे उद्योग नाहीत. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे निवडले गेले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासह वाशिमचा समावेश होता.

अशा जिल्ह्यात बाहेरून येणारा रोख पैसा मुख्यतः शेतमालाची विक्री, सरकारी वेतन व योजना आणि स्थलांतरितांनी घरी पाठविलेल्या रकमा या मार्गांनी येतो. तीर्थयात्रा हा त्यांस पूरक असा चौथा मार्ग आहे. पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीस, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये भरते. त्या सुमारास रब्बीची कापणी उरकत आलेली असते आणि कोरडवाहू गावांत शेतमजुरांच्या हाताला काम कमी असते. शेतीच्या रिकाम्या दिवसांत मिळणारे उत्पन्न रकमेने अल्प असले, तरी कुटुंबाच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक असते.

पर्यटनाचे प्रकार व केंद्रे

धार्मिक पर्यटन

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर आहे. बंजारा समाजात या स्थानास काशीचा मान असून महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांतून भाविक येथे येतात. येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. समाजाचा इतिहास, वेशभूषा, तांड्यांचे जीवन आणि व्यापारी परंपरा यांचे दर्शन घडविणे हा त्याचा हेतू आहे. आर्थिक दृष्टीने या संग्रहालयाचे महत्त्व असे की, रामनवमीच्या गर्दीवर अवलंबून असलेल्या गावाला वर्षातील इतर दिवसांतही अभ्यागत मिळण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

कारंजा हे दत्तसंप्रदायात दत्तात्रेयांचे अवतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती यांचे जन्मस्थान होय. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडी आणि कर्नाटकातील गाणगापूर यांच्यासह कारंजा हा दत्तक्षेत्रांच्या साखळीतील एक दुवा आहे. ‘गुरुचरित्र’ या ग्रंथाच्या वाचनातून कारंज्याचे नाव महाराष्ट्र व कर्नाटकातील असंख्य घरांत पोहोचले आहे. येथील गुरुमंदिरात येणारे भाविक बहुधा पूजा-अभिषेकासाठी वेळ काढून येतात व त्यांतील अनेकजण मुक्काम करतात. दिवसप्रवाशांच्या तुलनेत अशा भाविकांचा स्थानिक खर्च अधिक असतो.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर हे दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही जैन पंथांचे श्रद्धास्थान आहे. पूजाधिकार व व्यवस्थापन यांवरून या पंथांत दीर्घकाळ वाद चालू राहिला. त्यामुळे मूळ मूर्तीचे मंदिर चार दशकांहून अधिक काळ कुलूपबंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडण्यात आले. ज्या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध एका देवस्थानामुळे जोडला जातो, त्या गावाची अर्थव्यवस्था त्या देवस्थानाच्या कायदेशीर स्थितीशीही कशी बांधली जाते, याचे हे उदाहरण होय.

याखेरीज वाशिम येथील बालाजी मंदिर, मंगरूळपीर येथील बिरबलनाथ महाराजांचे मंदिर व हयात कलंदर यांचा दर्गा, मालेगाव तालुक्यातील डव्हा येथील नाथनंगे महाराज संस्थान आणि रिसोड तालुक्यातील लोणी येथील सखाराम महाराज संस्थान ही क्षेत्रे परिसरातील जिल्ह्यांतून भाविकांना आकर्षित करतात. वाशिमचे बालाजी मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू यांनी बांधले.

पदयात्रा

शेगाव येथील श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरकडे जाताना अकोला-पातूरमार्गे जिल्ह्यात प्रवेश करते आणि मालेगाव, शिरपूर, रिसोड या मार्गाने मराठवाड्यात उतरते. वारकऱ्यांचे भोजन, चहापाणी व निवास यांची व्यवस्था वाटेवरील गावकरी बहुतांशी विनामूल्य करतात. बाजाराच्या भाषेत या प्रवासाची उलाढाल अल्प आहे. उलट यजमान गावेच खर्च करतात. तरीही हजारो माणसांची अनेक दिवसांची सोय त्यातून होते. पर्यटनाच्या आर्थिक मोजणीतील एक मूलभूत अडचण येथे दिसते. तिचा विचार पुढे केला आहे.

वारसा व अभ्यास पर्यटन

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक असून ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याच्या नावावर सांगितले जाते. ते आज उपलब्ध नाही. १९३९ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशिम ताम्रपटामुळे या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म येथे झाल्याची कथा दिली आहे.

कारंजा येथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांचे संग्रह भारतीय भाषांच्या अभ्यासात प्रसिद्ध आहेत. या संग्रहांतील अपभ्रंश ग्रंथांच्या आधारे डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचे कार्य केले आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून महत्त्वाची काव्ये प्रसिद्ध झाली.

या वारशाचे आर्थिक रूपांतर मात्र फारसे झालेले नाही. अजिंठा हे १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. परंतु तेथे जाणाऱ्या पर्यटकाच्या प्रवासात वाशिमचा समावेश सहसा नसतो. वाकाटककालीन भव्य वास्तू आज वाशिम शहरात उभी दिसत नाही, हे त्याचे एक कारण होय. जेथे वास्तू नाही तेथे वारसा पर्यटनास संग्रहालय, माहितीफलक, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि वाचनीय पुस्तिका यांची गरज अधिक असते. अभ्यासकांची संख्या यात्रेकरूंपेक्षा नेहमीच कमी राहील. परंतु त्यांचा मुक्काम दीर्घ असतो आणि त्यांच्या लेखनातून स्थळाची कीर्ती पुढील पिढ्यांपर्यंत जाते.

निसर्ग पर्यटन

कारंजा-सोहोळ अभयारण्य हे काळवीटांसाठी राखलेले गवताळ प्रदेशाचे लहान अभयारण्य असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. वाशिम जिल्ह्यात उगम पावणाऱ्या काटेपूर्णा नदीवरील जलाशयाभोवती काटेपूर्णा अभयारण्य पसरले आहे. विदर्भातील निसर्ग पर्यटन ताडोबा, मेळघाट, पेंच अशा व्याघ्रप्रकल्पांभोवती केंद्रित झाले आहे. गवताळ प्रदेश मात्र पुष्कळदा ‘पडीक’ जमीन समजला जातो.

या प्रकारात लाभ आणि भार वेगवेगळ्या लोकांच्या वाट्यास येतात. काळवीट पाहून पर्यटक आनंदाने परत जातो. त्याच काळवीटांचे कळप लगतच्या शेतांतील कोवळे सोयाबीन व तूर खातात, तेव्हा नुकसान शेतकऱ्याचे होते. शासन पीकनुकसानीची भरपाई देते; परंतु पंचनामा, अर्ज आणि प्रतीक्षा हा भारही शेतकऱ्यासच सोसावा लागतो. प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे काम आणि निवासाची सोय यांतील उत्पन्न याच गावांत राहिले, तरच निसर्ग पर्यटन त्यांच्या दृष्टीने न्याय्य ठरते.

नातेसंबंधाधारित प्रवास व कृषी पर्यटन

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२ व्या फेरीत (२०१४-१५) भारतीय कुटुंबांच्या मुक्कामी प्रवासांत सर्वाधिक वाटा सामाजिक कारणांचा, म्हणजे नातलगांच्या भेटी, विवाह आदी समारंभ यांचा आढळला. वाशिममधून मुंबई, पुणे, नाशिक आदी शहरांत गेलेली कुटुंबे दिवाळीत, उन्हाळी सुट्टीत आणि लग्नसराईत गावी येतात. हे लोक हॉटेलात उतरत नाहीत, त्यामुळे पर्यटनाच्या नोंदींत ते क्वचितच दिसतात. मात्र कापड, किराणा, सोने, घरदुरुस्ती आणि प्रवासी वाहने यांवरील त्यांचा खर्च थेट तालुक्याच्या बाजारपेठेत होतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. राज्यातील कृषी पर्यटन केंद्रांची वाढ प्रामुख्याने पुणे व मुंबई यांच्या परिघात झाली, कारण शहरातील कुटुंबाने शनिवार-रविवारी जाऊन परतावे इतके अंतर तेथे असते. वाशिमला असे महानगर जवळ नाही. येथे कृषी पर्यटन स्वतंत्रपणे उभे राहण्यापेक्षा तीर्थयात्रेस जोडून, म्हणजे कारंजा किंवा पोहरादेवी येथे आलेल्या कुटुंबाचा मुक्काम एका दिवसाने वाढविणारी सोय म्हणून, विकसित होणे अधिक शक्य आहे.

बहिर्गामी प्रवास

जिल्ह्यातील रहिवासी विशेष उपचारांसाठी अकोला, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे जातात. रुग्णासोबत जाणाऱ्या नातलगांचा निवास, भोजन व औषधे यांवरील खर्च त्या शहरांत होतो. पर्यटनाच्या व्याख्येनुसार हाही पर्यटन-खर्च आहे. परंतु तो जिल्ह्यातून बाहेर जातो. राष्ट्रीय पातळीवर वैद्यकीय पर्यटनाची चर्चा परदेशी रुग्णांपासून मिळणाऱ्या चलनाच्या संदर्भात होते. ग्रामीण जिल्ह्यात त्याचा अर्थ नेमका उलट असतो. या दृष्टीने जिल्ह्यातील रुग्णालय सुधारणे म्हणजे बहिर्गामी खर्च रोखणे होय आणि आर्थिक हिशेबात त्याचे मोल नवे पर्यटक आणण्याइतकेच असू शकते.

पैशाचा प्रवास : गुणक आणि गळती

पर्यटकाने खर्च केलेला रुपया एकदाच खर्च होत नाही. फुलविक्रेत्याला मिळालेल्या पैशातून तो किराणा घेतो, किराणा दुकानदार मजुरी देतो आणि असे हे चक्र चालते. यास गुणक परिणाम म्हणतात. प्रत्येक फेरीत पैशाचा काही भाग परिसराबाहेर जातो. त्यास गळती म्हणतात. उदाहरणादाखल, प्रत्येक १०० रुपयांपैकी ४० रुपये पुन्हा जिल्ह्यातच खर्च होतात असे मानल्यास १०० + ४० + १६ + … अशी बेरीज सुमारे १६७ रुपयांपर्यंत जाते. केवळ १० रुपयेच पुन्हा जिल्ह्यात खर्च होत असतील, तर ही बेरीज सुमारे १११ रुपयांवर थांबते. पर्यटकांची संख्या व खर्च समान असूनही दोन स्थळांना होणारा लाभ किती वेगळा असू शकतो, हे यावरून कळते.

यात्रेतील दुकान या दृष्टीने पाहण्यासारखे असते. नारळ दक्षिणेकडून येतो. अगरबत्ती, खेळणी, प्लॅस्टिकच्या वस्तू आणि देवाच्या तसबिरी बहुधा बाहेरच्या घाऊक बाजारांतून येतात. अशा वस्तूंवर स्थानिक विक्रेत्यास केवळ विक्रीचा नफा मिळतो. झेंडूची फुले, दूध, तूरडाळ, हरभऱ्याचे पीठ, भाजीपाला आणि स्वयंपाकाचे श्रम मात्र परिसरातच उपलब्ध असतात. त्यांवरील खर्च शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. बंजारा स्त्रियांच्या आरसेकाम व कवड्यांनी सजलेल्या भरतकामाचेही तसेच आहे. ते तांड्यात तयार होऊन यात्रेत विकले गेले, तर किमतीचा मोठा भाग कारागिरास मिळतो. त्याची यंत्राने केलेली नक्कल बाहेरून आली, तर यात्रेचे नाव राहते आणि उत्पन्न दुसरीकडे जाते. त्यामुळे ‘किती लोक आले’ या प्रश्नाइतकाच ‘त्यांनी घेतलेली वस्तू कोठे तयार झाली’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मोजणीच्या मर्यादा

तीर्थक्षेत्री येणाऱ्या पैशाचा एक भाग देणगीच्या रूपात असतो. देणगी हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हस्तांतरण आहे. ती वस्तू किंवा सेवेची खरेदी नव्हे. संस्थानाने त्या रकमेतून भक्तनिवास बांधला, सेवकांना वेतन दिले किंवा अन्नछत्रासाठी धान्य घेतले, म्हणजे ती उत्पादनाच्या हिशेबात येते. धर्मादाय संस्थांच्या सेवा बाजारभावाने विकल्या जात नसल्याने त्यांचे मूल्य सामान्यतः त्यांवर झालेल्या खर्चाइतके धरले जाते. स्वयंसेवकांचे विनावेतन श्रम या मोजणीत येत नाहीत. त्यामुळे महाप्रसादाच्या पंगतीत वाढणाऱ्या शेकडो हातांचे मूल्य सकल उत्पादनात शून्य धरले जाते आणि तेवढीच सेवा उपाहारगृहाने दिली असता ती पूर्णपणे मोजली जाते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, उपलब्ध आकडेवारी धार्मिक पर्यटनाचे सामाजिक मूल्य कमी दाखविते. दुसरा निष्कर्ष याच्या विरुद्ध दिशेचा आहे. ‘लाखो भाविक’ या शब्दप्रयोगावरून आर्थिक लाभाचा जो अंदाज बांधला जातो, तो वस्तुस्थितीपेक्षा मोठा असू शकतो. कारण विनामूल्य भोजन करून त्याच दिवशी परतणाऱ्या यात्रेकरूचा रोख खर्च प्रवासभाडे व पूजासाहित्य यांपुरताच राहतो. बसभाडे किंवा इंधनाचा मोठा भाग तर यात्रेकरूच्या मूळ गावीच खर्च झालेला असतो.

दळणवळण

पूर्णा-अकोला रेल्वेमार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाल्याने वाशिम शहर दक्षिण व मध्य भारताशी थेट जोडले गेले. अकोल्याहून वाशिम, हिंगोली व नांदेडमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ पोहरादेवी व माहूर येथे येणाऱ्या दक्षिणेकडील भाविकांना उपयोगी पडतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी अरुंद मापाची रेल्वे कारंजामार्गे धावत असे. ब्रिटिश काळात कापसाच्या वाहतुकीसाठी खासगी कंपनीने बांधलेला हा मार्ग आता बंद आहे.

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. जिल्ह्यात कारंजा, शेलुबाजार व मालेगाव परिसरातून या मार्गावर जाता येते. त्याचा परिणाम दुहेरी आहे. मुंबई, नाशिक किंवा नागपूर येथील भाविकास कारंजा व शिरपूर येथे पोहोचणे सुलभ झाले. त्याच वेळी हा प्रवेशनियंत्रित मार्ग असल्याने त्यावरील वाहने वाटेतील गावांत थांबत नाहीत. जुन्या नागपूर-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील ढाबे, पंक्चरची दुकाने व चहाच्या टपऱ्या ज्या वाहतुकीवर चालत, तिचा एक भाग नव्या मार्गाकडे वळला. जलद रस्ता मुक्कामाची गरजही कमी करतो. पूर्वी रात्री थांबणारा प्रवासी आता दर्शन घेऊन त्याच दिवशी परतू शकतो. म्हणजे रस्त्यामुळे भेटींची संख्या वाढूनही दर भेटीमागील स्थानिक खर्च घटू शकतो.

जोखीम

पर्यटनाधारित उत्पन्न अस्थिर असते, याचा अनुभव कोविड काळात आला. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि त्या वर्षीची रामनवमी २ एप्रिल रोजी, म्हणजे टाळेबंदीतच आली. राज्यातील धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली करण्यात आली. एका यात्रेच्या उत्पन्नावर वर्षाचा हिशेब बसविणाऱ्या लहान विक्रेत्यास एक हंगाम बुडणे म्हणजे वर्ष बुडणे होय.

दुसरी जोखीम पाणी व स्वच्छता यांची आहे. यात्रा उन्हाळ्याच्या तोंडावर भरते. काही हजार वस्तीच्या गावात थोड्या दिवसांत कितीतरी पट लोक येतात. पाणीपुरवठा, शौचालये, कचऱ्याची विल्हेवाट आणि आरोग्यसेवा यांचा भार प्रथम ग्रामपंचायतीवर पडतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये यात्रेकरूंवर कर आकारण्याची तरतूद आहे. परंतु भाविकांकडून कर वसूल करणे व्यवहारात व सामाजिकदृष्ट्या अवघड असते. परिणामी लाभ विखुरलेला आणि खर्च मात्र एका लहान स्थानिक संस्थेवर एकवटलेला, अशी स्थिती निर्माण होते.

धोरणात्मक चौकट

महाराष्ट्रात तीर्थक्षेत्रांचे वर्गीकरण करून त्यानुसार विकासनिधी दिला जातो. ‘क’ वर्गातील स्थळांचा विचार जिल्हा नियोजन समितीच्या पातळीवर, तर ‘ब’ वर्गातील स्थळांचा विचार राज्य पातळीवर होतो. या निधीतून मुख्यतः सभामंडप, रस्ते, भक्तनिवास, पाणीपुरवठा आणि स्वच्छतागृहे अशी कामे होतात. राज्याने २०२४ मध्ये नवे पर्यटन धोरण स्वीकारले असून त्यात खासगी गुंतवणूक व रोजगारनिर्मिती यांवर भर आहे.

या चौकटीत बांधकाम सहज बसते. देखभाल आणि कौशल्य यांसाठी मात्र तितका वाव दिसत नाही. इमारत एकदाच बांधावी लागते, परंतु मार्गदर्शक, सफाई कर्मचारी, पाण्याची योजना आणि संग्रहालयातील वस्तूंची निगा यांवर दरवर्षी खर्च करावा लागतो. बांधकामाचा ठेकेदार व साहित्य जिल्ह्याबाहेरील असेल, तर त्या निधीचीही गळती होते. उलट, देखभालीचे वेतन बहुधा स्थानिकांनाच मिळते व तेथेच खर्च होते.

मूल्यमापन

वाशिमच्या उदाहरणावरून पर्यटनाच्या प्रकारांची आर्थिक भूमिका वेगवेगळी असल्याचे स्पष्ट होते. विदेशी पर्यटन देशाला परकीय चलन देते, पण अशा जिल्ह्यापर्यंत क्वचितच पोहोचते. तीर्थयात्रा मोठ्या संख्येने लोक आणते, पण मुक्काम व स्थानिक खरेदी नसेल तर तिचा लाभ अल्प राहतो. वारसा आणि निसर्ग पर्यटन संख्येने लहान असून त्यांना संस्था व ज्ञान यांची गुंतवणूक लागते. नातलगांच्या भेटींसाठीचा प्रवास आकडेवारीत झाकला जातो, तरी तो गावच्या बाजारपेठेचा नियमित आधार आहे. उपचारांसाठीचा प्रवास जिल्ह्यातून पैसा बाहेर नेतो.

म्हणून एखाद्या तीर्थक्षेत्राच्या विकासाचे मोजमाप केवळ भाविकांच्या संख्येने किंवा मंजूर निधीच्या रकमेने करणे अपुरे ठरते. किती अभ्यागत रात्री मुक्कामी राहिले, विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी किती जिल्ह्यात तयार झाल्या, यात्रेव्यतिरिक्तच्या महिन्यांत किती जणांना काम मिळाले आणि यात्रेनंतर गावाच्या पाण्याची व कचऱ्याची स्थिती काय होती, या चार प्रश्नांची उत्तरे अधिक उपयुक्त आहेत. अशा नोंदी ग्रामपंचायत, देवस्थान संस्था आणि स्थानिक महाविद्यालये यांना मोठ्या खर्चाविना ठेवता येतात. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांना यात्रेचा खरा आधार किती मिळतो, हे अशाच नोंदींवरून ठरविता येईल.